एका भाकरीची पंगत



लग्नाच्या मांडवात पहिली पंगत बसते तेव्हा वरण दाट असते, भात वाफाळलेला असतो आणि वाढप्याचा हात सैल असतो. दिवस कलतो, पंगती उठत जातात, आणि शेवटी जेव्हा वाजंत्री, पाणी भरणारे गडी व भांडी घासणाऱ्या बाया पानावर बसतात, तेव्हा वरणात पाणी वाढलेले असते आणि गोडाचे भांडे रिकामे झालेले असते. कधी कधी तर एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार पडते आणि शेजारच्याच्या पानावर नुसता भात. आपल्या भाषेत यास पंक्तिप्रपंच म्हणतात. यजमानाने कितीही खर्च केलेला असो, ज्या मांडवात पंक्तिप्रपंच झाला त्या मांडवाची आठवण गाव चांगल्या शब्दांत काढीत नाही.

हा शब्द आज आठवला त्याचे कारण असे की, ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या काळात एका धर्मग्रामात हाच पंक्तिप्रपंच घडला, आणि तोही लग्नाच्या जेवणात नव्हे तर प्रत्यक्ष प्रभुभोजनाच्या वेळी. ते धर्मग्राम म्हणजे करिंथ. आपण धर्मबंधुत्वाविषयी पुष्कळ प्रवचने ऐकतो आणि ती ऐकून आपले मन प्रसन्नही होते. परंतु बंधुत्व म्हणजे नेमके काय करावयाचे हे पाहावयाचे असेल, तर ते जेथे मोडले त्या ठिकाणी जाऊन पाहावे. म्हणून आज आपण करिंथला जाऊ.

करिंथ हे ग्रीस देशातील बंदराचे शहर. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या जमिनीपाशी ते वसलेले होते. पश्चिमेस लेखायन आणि पूर्वेस किंख्रिया अशी त्याची दोन बंदरे. रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये ते धुळीस मिळवले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसवले. नव्या वस्तीत आलेल्यांपैकी पुष्कळजण दास्यातून मुक्त झालेले लोक होते. कालांतराने तेथे व्यापार वाढला, पैसा वाढला आणि पैशाबरोबर मानपानही वाढला. इ. स. ५० च्या सुमारास संत पौल या शहरात आला. रोममधून घालवून दिलेले अक्विला व प्रिस्किल्ला हे दांपत्य त्यास तेथे भेटले. तंबू शिवण्याचा त्यांचा आणि पौलाचा धंदा एकच असल्यामुळे तो त्यांच्या घरी राहिला व हाताने काम करून आपले पोट भरू लागला. दीड वर्ष त्याने त्या शहरात सुवार्ता सांगितली.

त्या सुवार्तेने कोण कोण एकत्र आले हे पाहण्यासारखे आहे. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प आला. नगराचा खजिनदार एरास्त आला. मोठे घर असलेला गायस आला. परंतु पौलाने स्वतःच त्या मंडळीस पुढे आठवण करून दिली की, तुमच्यात विद्वान, सत्ताधीश आणि कुलीन असे फार थोडे आहेत. बहुतेक भाविक गोदीतले हमाल, कारागीर, मोलकरणी आणि दास अशा थरांतले असावेत. जगात ज्यांनी एका उंबरठ्याच्या आत एकत्र बसावयाचे नाही असे लोक येथे एकमेकांस भाऊ आणि बहीण म्हणू लागले. हा लहानसा चमत्कार नव्हता.

त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. भाविक कोणा सुखवस्तू बंधूच्या घरी जमत आणि जेवणाबरोबरच प्रभुभोजनाचा विधी होत असे. श्रीमंत रोमन घरातील भोजनगृह लहान असे. त्यात तीन बाजूंनी आसने मांडलेली असत आणि साधारणपणे नऊ माणसे त्यांवर रेलून जेवीत. बाकीच्यांनी बाहेरच्या चौकात बसावयाचे. आता आत कोण बसणार आणि चौकात कोण, हे सांगावयास नको. शिवाय रविवार हा तेव्हा सुटीचा दिवस नव्हता; रविवारची विश्रांती कायद्याने आली ती इ. स. ३२१ मध्ये, सम्राट कॉन्स्टन्टाईनच्या आज्ञेने, आणि त्या आज्ञेतही शेतात राबणाऱ्यांस काम करण्याची मोकळीक ठेवलेली होती. म्हणजे करिंथमधील दासाने धन्याचे काम उरकावे, हमालाने जहाज रिकामे करावे, आणि मग घामाने भिजलेल्या अंगाने प्रभुभोजनास यावे. तो येईपर्यंत आतली मंडळी आपापले आणलेले खाऊन तृप्त झालेली असत. पौल लिहितो त्याचा सारांश असा की, एकजण उपाशी राहतो आणि दुसऱ्यास मद्य चढलेले असते.

यात कोणाचा मुद्दाम दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. ती त्या समाजाची रीतच होती. धाकटा प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने आपल्या एका पत्रात अशा यजमानाची हकीकत दिली आहे, ज्याने एकाच भोजनात तीन प्रतींचे मद्य वाढले: एक स्वतःसाठी व बड्या पाहुण्यांसाठी, दुसरे कमी प्रतीच्या मित्रांसाठी आणि तिसरे मुक्त झालेल्या दासांसाठी. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, तरी त्यास ती गोष्ट आवडली नाही. करिंथमधील ख्रिस्ती लोकांनी एवढेच केले की, बाहेरच्या जगाची रीत चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवली नाही. ती तशीच पायांत घालून ते प्रभूच्या मेजापाशी गेले.

ही बातमी पौलास इफिस शहरी कळली. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी त्यास तेथील तट आणि भांडणेही कळवली होती. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोचा, कोणी म्हणे मी केफाचा. इ. स. ५४-५५ च्या सुमारास त्याने करिंथकरांस जे पत्र लिहिले ते आज आपल्या पवित्र शास्त्रात आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात त्याने या जेवणाचा विषय घेतला. तो त्यांस स्पष्ट सांगतो की, या बाबतीत मी तुमची वाहवा करू शकत नाही. तुम्ही जमता त्याने तुमचे हित होण्याऐवजी नुकसानच होते, आणि तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच.

वाचकहो, येथे जरा थांबावे. आपल्या प्रभूने आपल्या मरणाच्या आदल्या रात्री भाकर हाती घेतली, ती मोडली आणि आपले शरीर म्हणून शिष्यांस दिली, ही हकीकत आपण प्रत्येक मिस्सेत ऐकतो. ती आज आपल्या हाती असलेल्या लिखाणात सर्वांत प्रथम कोठे सापडते? चार शुभवर्तमाने लिहून होण्यापूर्वीच ती करिंथकरांस लिहिलेल्या या पत्रात आली आहे. आणि ती कशासाठी सांगितली गेली? कोणास पंडित करण्यासाठी नव्हे. पंक्तिप्रपंच करणाऱ्या एका धर्मग्रामाची कानउघाडणी करताना पौलास त्या रात्रीची आठवण सांगावी लागली. ज्याने आपले सर्वस्व मोडून वाटले त्याच्या मेजावर तुम्ही भावास उपाशी ठेवता काय, हा त्याचा प्रश्न होता. वेदीपाशी जे घडते आणि वेदीभोवती जमलेल्या माणसांत जे घडते, त्या दोहोंत भिंत घालता येत नाही, हे ख्रिस्तसभेने तेव्हापासून ओळखले.

मग त्याने त्यांस कोणता उपाय सांगितला? नवा नियम केला नाही, दंड बसवला नाही, श्रीमंतांस हाकलून दिले नाही. त्याने एवढेच सांगितले की, जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहत जा. भूक अनावर असेल तर घरी खाऊन या. पण येथे आल्यावर जो अजून आला नाही त्याच्यासाठी थांबा. इतकी साधी गोष्ट! स्वयंपाकघरातील कोणतीही आई जी गोष्ट मुलांस रोज सांगते, तीच पौलाने एका धर्मग्रामाच्या रोगावर औषध म्हणून दिली. पण विचार करावा, थांबावयास काय लागते? जो आला नाही तो आपल्या लक्षात असावा लागतो. त्याच्यावाचून आपली पंगत पुरी होत नाही असे मनापासून वाटावे लागते. आणि आपल्या भुकेस क्षणभर आवर घालावा लागतो. धर्मबंधुत्वाचे सारे शास्त्र या तीन गोष्टींत आले.

त्याच पत्रात पौल जो शब्द वापरतो तोही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मूळ ग्रीक भाषेत तो कोइनोनिया असा आहे; त्याचा अर्थ एकाच गोष्टीत सर्वांचा वाटा असणे, भागीदारी. आशीर्वादाचा प्याला आणि मोडलेली भाकर ही ख्रिस्ताच्या रक्ताची व शरीराची भागीदारी आहे, असे सांगताना पौलाने हाच शब्द योजला. आणि पुढे यरुशलेममधील गोरगरीब भाविकांसाठी त्याने निधी जमवला तेव्हा त्या पैशासही त्याने हाच शब्द लावला. वेदीवरील कम्युनियनला जो शब्द, तोच उपाशी माणसास पाठवलेल्या नाण्यांस! आपण मात्र या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक पवित्र मानतो, दुसरी केवळ दानधर्म मानतो.

त्या निधीची हकीकतही करिंथकरांच्या शिक्षणाचाच भाग होती. पौलाने त्यांस सांगितले होते की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूस काढून ठेवावे. करिंथकरांनी मोठ्या उत्साहाने होकार दिला, आणि मग, आपल्याकडेही वर्गण्यांचे होते तसे, काम अर्धवट पडून राहिले. दुसऱ्या पत्रात पौलास दोन अध्याय खर्चून त्यांस आठवण द्यावी लागली. मासेदोनियातील भाविक स्वतः दरिद्री असून त्यांनी शक्तीबाहेर दिले, हे त्याने त्यांच्यापुढे मांडले. शेवटी करिंथकरांनीही आपला वाटा उचललेला दिसतो, कारण रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, मासेदोनिया आणि अखया या दोन्ही प्रांतांनी आनंदाने मदत केली; आणि करिंथ हे अखयाचेच मुख्य शहर. ते पत्र बहुधा करिंथमध्येच लिहिले गेले. त्यात पौल आपल्या यजमानाचा नमस्कार कळवतो. तो यजमान गायस, आणि पौल त्यास सबंध ख्रिस्तमंडळीचा यजमान म्हणतो. नऊ आसनांच्या त्या शहरात एका घराचे दार सर्वांसाठी उघडे होते, हे वाचून समाधान वाटते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. सुमारे चाळीस वर्षांनी, इ. स. ९६ च्या सुमारास, त्याच करिंथमध्ये पुन्हा फूट पडली. काही थोड्या लोकांनी उचल केली आणि ज्यांच्या सेवेत दोष नव्हता अशा वडील धर्मसेवकांस पदावरून दूर केले. रोमच्या ख्रिस्तसभेस ही वार्ता कळली तेव्हा तिने एक दीर्घ पत्र लिहिले. ते संत क्लेमेंटचे पत्र म्हणून प्रसिद्ध आहे. मत्सराने कोणकोणती घरे बुडाली हे त्यात सांगितले आहे आणि नम्रतेने समेट करण्याची विनवणी केली आहे. म्हणजे संत पौलाच्या हातून घडलेले धर्मग्रामही एका पिढीत पुन्हा त्याच वाटेस लागले! बंधुत्व हे काही एकदा बांधून ठेवलेले देऊळ नव्हे. ती शेताची मेर आहे, प्रत्येक पावसाळ्यानंतर तिच्यावर माती घालावी लागते.

आणि आता या कथेतील मला सर्वांत आवडणारा भाग. इ. स. १७० च्या सुमारास करिंथचे महागुरू दिओनिसियस यांनी रोमचे महागुरू संत सोतेर यांस पत्र पाठवले. त्यातील काही भाग इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. दिओनिसियस लिहितात की, क्लेमेंटने आम्हांस धाडलेले पत्र आम्ही आजही रविवारी उपासनेत वाचीत असतो. विचार करा, वाचकहो! ज्या पत्रात आपल्याच आजोबा-पणजोबांच्या भांडणाची लाज मांडलेली आहे ते पत्र त्यांनी जाळले नाही, पेटीच्या तळाशी दडवले नाही. सत्तर वर्षांनंतरही ते मुलांबाळांसमोर मोठ्याने वाचीत होते, की आम्ही असे वागलो आणि पुन्हा असे वागणार नाही. त्याच पत्रात दिओनिसियस रोमकरांचे आभारही मानतात, कारण गरीब मंडळ्यांस आणि खाणींत शिक्षा भोगणाऱ्या बंधूंस मदत धाडण्याची रीत रोमने सोडली नव्हती. ज्या धर्मग्रामास आपला दोष आठवतो त्यासच दुसऱ्याचा उपकारही आठवतो.

आता आपल्या गावी परत येऊ.

आपल्या पूर्वजांस वेदी आणि पंगत यांचे नाते चांगले ठाऊक होते. गोव्यात लग्नापूर्वी भिकाऱ्यांचे जेवण घालण्याची चाल आहे. घरातील दिवंगतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांस बोलावून मानाने पानावर बसवावयाचे आणि मग घरच्यांनी मंगलकार्यास लागावयाचे. वाड्यावरच्या क्रूसापाशी लदाइन्य होते तेव्हा गाणे संपल्यावर उकडलेले चणे वाटले जातात. त्या द्रोणातले चणे मालकाच्या मुलास आणि गड्याच्या मुलास सारखेच मिळतात. कोनफ्रारियेचे बंधू आपल्यातील मृताच्या अंत्ययात्रेस जात, कारण भावास एकट्याने स्मशानात जाऊ द्यावयाचे नाही, हे त्यांचे व्रत होते.

परंतु करिंथकरांप्रमाणे आपणही आपले पत्र मोठ्याने वाचले पाहिजे. याच कोनफ्रारियांपैकी कित्येकांत जात पाहून प्रवेश दिला जात असे. सणाचा मान कोणाचा, मिरवणुकीत छत्राची काठी कोणी धरावयाची, यावरून भाऊबंद न्यायालयापर्यंत गेल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. बाप्तिस्म्याचे पाणी एकच, आणि तरी पुढचे बाक कोणाचे व मागचे कोणाचे हे गावाने मुकाट्याने ठरवून टाकलेले. आज पुष्कळ ठिकाणी हे नियम कागदावरून गेले आहेत. मनातून गेले आहेत की नाहीत हे लग्नाच्या बोलणीत कळते.

आणखी एक विचार करावा. करिंथमध्ये उशिरा येणारा दास होता. आपल्या धर्मग्रामात उशिरा येणारा कोण आहे? रविवारी सकाळी जिला धन्याच्या घरची न्याहारी उरकल्यावाचून निघता येत नाही ती कामवाली मुलगी. हॉटेलात ज्यांच्या कामाचा भर नेमका रविवारीच असतो ते तरुण. झारखंड, ओडिशा येथून बांधकामावर किंवा घरकामास आलेले ख्रिस्ती बंधुभगिनी. त्यांस आपली भाषा येत नाही म्हणून ते दारापाशी उभे राहतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. बेळगाव भागात एकाच धर्मग्रामात कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे असतात. भाषेप्रमाणे मिस्सेच्या वेळा वेगळ्या झाल्या हे सोयीचे झाले. परंतु एकाच चर्चची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे सोयीचे झाले काय? बडोदे किंवा इंदूर येथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांस विचारा, म्हणजे गुजराती किंवा हिंदी मिस्सेत मागच्या बाकावर बसताना पहिल्या वर्षी कसे वाटते आणि कोणी एकाने नाव विचारले म्हणजे किती हलके वाटते, ते कळेल.

आणि काहीजण असे आहेत की ते उशिरा येत नाहीत, ते येतच नाहीत. बांधावरून भावाशी वाद झाला आणि त्या घराने चर्च सोडले. मुलीच्या लग्नाविषयी कोणी वावगे बोलले आणि आई घराबाहेर पडेनाशी झाली. मुलगे आखातात किंवा बोटीवर गेले, आणि म्हातारीस चर्चपर्यंत चालवत नाही. त्यांचे बाक रिकामे राहते, आणि काही रविवारांनंतर त्यावर दुसरे कोणी बसते. मग त्यांची उणीवही कोणास भासत नाही. हा पंक्तिप्रपंच करिंथपेक्षाही वाईट, कारण करिंथच्या उपाशी माणसास निदान सर्वजण पाहत तरी होते. संत जस्टिन यांनी इ. स. १५५ च्या सुमारास रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात दोन गोष्टी आहेत. जे आले नाहीत त्यांच्या घरी डीकनच्या हाती पवित्र प्रसाद पोहोचवला जाई. आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावचे पाहुणे यांची काळजी घेतली जाई. न आलेल्या माणसाची आठवण हा त्या काळी रविवारच्या उपासनेचाच भाग होता.

एकमेकांची वाट पाहा याचा अर्थ धर्मगुरूंनी मिस्सा उशिरा सुरू करावी असा नव्हे. त्याचा अर्थ असा की, मागे उभी असलेली मुलगी दिसताच बाकावर सरकून तिला जागा द्यावी. फेस्ताच्या सभेची वेळ मोलमजुरी करणाऱ्यासही येता येईल अशी ठरवावी. मिस्सेनंतर अंगणात आपल्याच कोंडाळ्यात गप्पा मारीत उभे न राहता, ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्याकडे दोन पावले जावे. आणि तीन रविवार जे बाक रिकामे दिसले त्या घराच्या दारात, प्रश्न न विचारता, उपदेश न करता, एकदा जाऊन बसावे.

मीही यात निर्दोष नाही. मिस्सा चालू असता दार वाजले म्हणजे मान वळवून कपाळास आठ्या घालणाऱ्यांत मी कित्येकदा होतो. ती व्यक्ती किती लांबून चालत आली, कोणाचे काम उरकून आली, हे विचारण्याचे मला सुचले नाही. करिंथच्या भोजनगृहात आपण कोठे बसलो असतो, आत की चौकात, हा प्रश्न मी हल्ली स्वतःस विचारतो, आणि त्याचे उत्तर मला आवडत नाही.

येत्या रविवारी घरातून निघण्यापूर्वी, किंवा आदल्या संध्याकाळी रोझरी संपल्यावर, कुटुंबातील सर्वांनी मिळून एकच नाव आठवावे: आपल्या वाड्यातील कोण आज आपल्या पंगतीत नाही? ते नाव ओठांवर घेऊन प्रार्थना करावी, आणि जमल्यास त्यांच्या दारावरून चर्चला जावे. कदाचित ते लगेच येणार नाहीत. आपण वाट पाहत आहोत एवढे तरी त्यांस कळेल.